सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनमधून खडखड, मग दिवसभर गप्प. चेन का टॅपेट?

द्राक्षवाला_निफाड
नमस्कार मंडळी. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, सेकंडहँड घेतलेली, ९२ हजार किमी झालेत. आमच्याकडे निफाडची थंडी माहितीच असेल, सध्या पहाटे पारा पाच-सहावर येतोय, बागेत शेकोट्या पेटवतोय आम्ही. गाडी रात्रभर अंगणात उघड्यावर असते आणि सकाळी सेल मारला की बेल्टच्या बाजूनं खर्रर्र असा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा. तीन सेकंद, फार तर चार, मग एकदम बंद. त्यानंतर दिवसभर काही नाही, दुपारी दोन तास उभी करून परत चालू केली तरी नाही. पिकअप, ॲव्हरेज जागेवर, चेक इंजिनचा दिवा नाही. चार महिन्यांपूर्वी ज्यानं ऑइल बदललं तो मेकॅनिक म्हणतो टायमिंग चेन (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) गेली, इंजिन खोलायला लागेल, तीस-पस्तीस हजार धरून चाला. मेहुणा म्हणतो थंडीत सगळ्याच गाड्या करतात, सोडून दे. कोणाचं ऐकू?

नट_बोल्ट
दादा दोघांनाही जरा बाजूला बसवा. आधी हे सांगा, ऑइल कुठल्या ग्रेडचं टाकलं, फिल्टर कुठला, डिपस्टिकवर लेव्हल किती, क्लच दाबून स्टार्ट केली तर आवाज बदलतो का, आणि महत्त्वाचं म्हणजे ऑइलचा लाल दिवा स्टार्टनंतर किती वेळानं विझतो?

द्राक्षवाला_निफाड
लेव्हल खालच्या खुणेच्या जराशी वर. ऑइल २०डब्ल्यू-५०, "गाडी जुनी झाली, जाड टाकू" म्हणाला होता. फिल्टरवर नावच नाही. क्लचनं काही फरक नाही. आणि लाल दिव्याचं तुम्ही विचारलंत म्हणून आज मुद्दाम बघितलं, आवाज थांबतो नेमका तेव्हाच दिवा विझतो!

नट_बोल्ट
मग अर्धं उत्तर मिळालं. तुमच्या गाडीत चेन असेल तर ती ताणून धरणारा टेन्शनर बहुतेक हायड्रॉलिक असणार, म्हणजे तो ऑइलच्या प्रेशरवर चालतो. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं, सकाळी पंप ते परत वर चढवेपर्यंत टेन्शनर ढिला, चेन बाजूच्या गाइडपट्टीवर आपटते, तोच तुमचा खिळ्यांचा डबा. चांगल्या फिल्टरमध्ये एक रबरी व्हॉल्व्ह असतो, तो ऑइल मागे उतरू देत नाही. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये तो नसतो किंवा असून नसल्यासारखा. त्यात २०डब्ल्यू, म्हणजे थंडीत काकवी. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो, जेवढा लहान तेवढं ऑइल सकाळी लवकर वर पोचतं. गाडीच्या पुस्तकात बघा, ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाका, फिल्टर ओरिजिनल घ्या, लेव्हल वरच्या खुणेपर्यंत. दोन-अडीच हजारात काम, इंजिन खोलायचं नंतर बघू. आणि तोवर सेल मारल्या मारल्या रेस देऊ नका, प्रेशर नसताना रेस दिली की चेनचे हाल.

घाटरस्ता
माझा अनुभव वेगळा आहे पण सांगतो. माझीही सकाळी खडखडायची, मी दोन महिने टॅपेट टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे भाग) करत फिरलो, एकानं पैसे घेऊन सेटिंगही करून दिलं, आवाज होता तिथंच. शेवटी निघाला काय तर सायलेन्सरच्या वरचा हीट शील्डचा पत्रा, बोल्टच्या भोकाशी गंजून सुटलेला. थंड असताना झिणझिणायचा, पाइप तापून फुगला की घट्ट बसून गप्प. पाण्याच्या पाइपला लावतात तसली स्टीलची पट्टी आवळली, ६० रुपये. गाडी पूर्ण थंड असताना हातानं पत्रा ठोकून बघा, फुकटचं काम आहे.

जुना_फिटर
पत्रा हा तीन सेकंदांत गप्प होत नाही भाऊ, त्याला तापायला काही मिनिटं लागतात. आवाज किती वेळ टिकतो यावरच अर्धं निदान होतं. दोन-चार सेकंद म्हणजे ऑइल प्रेशर. मिनिटभर किंवा जास्त टिकटिक म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट भरायला वेळ लागतोय, किंवा इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक आहे, तोही टॅपेटसारखाच टिकटिकतो आणि धातू तापला की बंद होतो, भलेभले फसतात. टॅपेटची टिकटिक इंजिनच्या निम्म्या वेगानं येते कारण क्रँकच्या (पिस्टन फिरवतात तो दांडा) दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडतो तो दांडा) एक फेरी. जाड, पोकळ ठकठक गरम होताना कमी होत गेली तर पिस्टन. आणि गरम झाल्यावर, लोड घेतल्यावर वाढणारी खोल ठकठक असेल तर गाडी जागेवर बंद करून टोइंगनं न्या, ते कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग.
नट_बोल्टशी सहमत, फक्त एक. ऑइल बदलून आवाज दबला म्हणजे चेन ठणठणीत असं धरू नका. चार महिने रोज कोरडी आपटलीय ती. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरवर आणि मूठ कानाला लावून ऐका, बेल्टपासून हात आणि मफलर लांब ठेवून. ढिली चेन दात सोडून सरकली तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग पस्तीस हजारसुद्धा स्वस्त वाटतील.

द्राक्षवाला_निफाड
आठ दिवसांनी लिहितोय. पुस्तकात ५डब्ल्यू-३० च होतं. काल पहाटे गाडी चालू न करता फिल्टर सोडवला, माझ्या गाडीत तो आडवा बसतो. वाटलं हातावर ऑइल सांडेल म्हणून खाली घमेलं धरलं, तर चहाचा अर्धा कपही निघालं नाही, आत ठणठणाट. मग करवतीनं कापून बघितला, आतली रबराची चकती शिळ्या भाकरीसारखी, वाकवली तर मोडली. नवीन ऑइल, ओरिजिनल फिल्टर, सगळे मिळून २,४०० गेले. आज सकाळी सहा डिग्री होतं, आवाज आला पण जेमतेम एक सेकंद, खर्र म्हणेपर्यंत संपला, दिवाही लगेच विझला. कव्हरवर स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं तर गरम इंजिनला सळसळ एकसारखी आहे, मधे टक नाही.

जुना_फिटर
मग आत्ता खोलू नका. किलोमीटर लिहून ठेवा आणि रोज नको, आठवड्यातून एकदा पहिल्या स्टार्टचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बॉनेट उघडून, फोन एकाच जागी ठेवून. सेकंद वाढायला लागले तर कव्हर उघडून टेन्शनरचा प्लंजर (चेनला दाबणारा दांडा) किती बाहेर आलाय ते बघायचं, जास्त बाहेर असेल तर चेन लांबलीय, मग चेन, गाइड, टेन्शनर सगळा सेटच बदला, एकटा टेन्शनर बदलून भागवू नका. ऑइल या वेळी ५ हजार किमीलाच बदला.

द्राक्षवाला_निफाड
बरं काका. ५ हजार म्हणजे माल काढून होईपर्यंत होतीलच, तेव्हा परत इथं लिहितो. मेहुण्याला अजून काही बोललो नाहीये.