पीडीएमएसच्या साच्यातून पॉलिॲनिलिनच्या रेषा: चॅनेल अर्ध्यात अडकतं, अमोनियानंतर बेसलाइन परत येत नाही

सूक्ष्मरेषा

अमोनिया सेन्सरसाठी काचेवर सोन्याचे इंटरडिजिटेटेड (दोन कंगवे एकमेकांत घातल्यासारखे) इलेक्ट्रोड घेतले आहेत. २१ बोटं, प्रत्येक २० मायक्रॉन रुंद, मधली फट २० मायक्रॉन, १० नॅनोमीटर टायटॅनियमवर १०० नॅनोमीटर सोनं. त्यावर बोटांना काटकोनात पॉलिॲनिलिन (वीज वाहणारं बहुवारिक) नॅनोतंतूंच्या १० रेषा पाडायच्या आहेत. साचा पीडीएमएसचा (मऊ सिलिकॉन रबर), सिलगार्ड १८४, मूळ द्रव आणि हार्डनर १०:१, ७० अंशांवर २ तास. चॅनेल ५० मायक्रॉन रुंद, २० मायक्रॉन उंच, १० मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं उघडी.

तंतू झटपट मिसळण्याच्या पद्धतीने केले. १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या १० मिलीत ०.३ मिली ॲनिलिन, दुसऱ्या १० मिलीत ०.१८ ग्रॅम अमोनियम परसल्फेट, दोन्ही एकदम ओतून हलवले आणि मग रात्रभर तसंच ठेवलं. सेंट्रिफ्यूज करून डीआय (आयनमुक्त) पाण्याने पीएच ६ पर्यंत धुतले आणि वजनी ०.५ टक्के शाई केली. शाई निळसर हिरवी दिसते.

अडचणी: (१) शाई ३-४ मिलिमीटरवर थांबते, बहुतेक वेळा पहिल्या सोन्याच्या बोटापाशीच. (२) साचा उचलला की रेषेचे तुकडे साच्याबरोबर निघतात. (३) सुरुवातीचा रोध ४ मेगाओहम येतो. (४) १० पीपीएम अमोनियाने रोध वाढतो, पण अर्धा तास कोरडा नायट्रोजन सोडूनही पूर्ण उतरत नाही आणि प्रत्येक फेरीला बेसलाइन (अमोनिया नसतानाचा रोध) वर सरकते. (५) दमट हवेत आकडे वेगळेच येतात.

कुठून सुरुवात करू?

बहुवारिक

आधी भरणं बघू, कारण तिथे कारण सरळ दिसतंय. पाणी भिंतींना नीट ओलं करत असेल तर या मापाचं १० मिलिमीटरचं चॅनेल सेकंदाच्या आत भरायला हवं. म्हणजे अडचण चिकटपणाची नाही, ओलं होण्याची आहे.

तुमच्या चॅनेलच्या चार भिंतींपैकी तीन पीडीएमएसच्या. तिथे पाण्याचा संपर्ककोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन) १०५ ते ११० अंश, म्हणजे त्या तिन्ही भिंती शाईला मागे ढकलतात. पुढे ओढणारी फक्त तळाची काच. ताज्या स्वच्छ काचेवर कोन २० अंश धरला तर निव्वळ दाब सुमारे १४०० पास्कल पुढच्या दिशेने येतो. हवेत पडून राहिलेलं सोनं मात्र ६०-७० अंशांवर जातं. तळाला ६५ अंश घालून तोच हिशोब केला की दाब उणे ५०० पास्कलच्या आसपास निघतो. मेनिस्कस (शाईचं पुढचं वक्र टोक) सोन्याच्या कडेवर येऊन उभं राहतं ते यामुळे. तुम्ही जे बघताय ते हेच.

उपाय: साचा लावण्याच्या अगदी आधी इलेक्ट्रोडची काच यूव्ही-ओझोनमध्ये १५ मिनिटं किंवा ऑक्सिजन प्लाझ्मात ३० ते ६० सेकंद ठेवा आणि १० मिनिटांच्या आत शाई सोडा. प्लाझ्मा फक्त काचेला द्या. पीडीएमएसलाही दिलात तर दोन्ही कायमचे चिकटतील आणि साचा सोडवताना रेषा जाणारच. साचा लावल्यावर गरमही करू नका.

तरीही अडकलं तर पीडीएमएसची सच्छिद्रता वापरा. एक टोक बंद असलेला साचा करा, तो डेसिकेटरमध्ये (हवाबंद भांड्यात) व्हॅक्यूमखाली ३० मिनिटं ठेवा, बाहेर काढल्यावर लगेच काचेवर बसवून उघड्या टोकावर शाईचा थेंब टाका. हवा काढलेला पीडीएमएस चॅनेलमधली हवा शोषून घेतो आणि शाई आत खेचली जाते. इथे पृष्ठभाग ओला होतो की नाही याला फारसं महत्त्व उरत नाही, म्हणून सोन्याच्या बोटांवरून न्यायला मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते. सगळं दोन-तीन मिनिटांत उरकायचं, कारण साचा बाहेर आल्यापासून हवा परत शोषू लागतो.

शाईत २० टक्के इथेनॉल घालूनही पृष्ठताण जवळजवळ निम्मा होतो. पण आधी छोट्या नळीत रात्रभर ठेवून तंतू खाली बसत नाहीत ना ते बघा.

हिरवट_तंतू

मूळ दोष मला पीएच ६ मध्ये दिसतो. निळसर रंग म्हणजे एमराल्डिन सॉल्टचा (पॉलिॲनिलिनचं आम्लयुक्त, वीज वाहणारं हिरवं रूप) मोठा भाग बेस (आम्ल गेलेलं निळं रूप) झालेला आहे. तंतूंवरचा धन भार गेला की ते एकमेकांना चिकटून गोळे होतात, चॅनेलच्या तोंडाशी अडकतात आणि विजेचं वहनही मरतं.

रोधाचा हिशोब करून बघा. १० रेषा गुणिले २० फटी गुणिले ५० मायक्रॉन म्हणजे वहनाची एकूण रुंदी १ सेंटिमीटर. थर १५० नॅनोमीटर आणि वाहकता ०.१ ते ०.५ सीमेन्स प्रति सेंटिमीटर धरली तर काही शे ओहम ते दीड किलोओहम यायला हवेत. ४ मेगाओहम म्हणजे थर डीडोप झालाय (त्यातलं आम्ल गेलंय) किंवा सलग नाही, आणि तुमच्याकडे बहुधा दोन्ही आहे.

धुणं पीएच २.५ ते ३ वर थांबवा. शेवटची धुलाई साध्या पाण्याने न करता १ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने करा. अमोनियम सल्फेट आणि उरलेलं ॲनिलिन जायलाच हवं, म्हणून पाण्याच्या तीन-चार धुलाया लागतील तर जरूर करा, पण पीएच चढू देऊ नका. डायलिसिस वापरत असाल तर बाहेरचं पाणीही आम्लयुक्त ठेवा.

आता जाडी. २० मायक्रॉन उंच चॅनेलमध्ये ०.५ टक्के शाई वाळली की भरीव पदार्थ जेमतेम ७५-८० नॅनोमीटर उरतो. तंतूंची जाळी सैल असल्यामुळे तो १५०-२०० नॅनोमीटर दिसेल, पण तोही सगळीकडे सारखा पसरला तरच. पाणी पीडीएमएसमधून आणि उघड्या टोकांतून उडतं, मेनिस्कस कोपऱ्यांत सरकतं आणि तंतू दोन्ही कडांना दोन बारीक रेघा धरून बसतात, मधला भाग उघडा पडतो. सूक्ष्मदर्शीखाली कडा गडद आणि मध्य फिका दिसला की हेच झालंय असं समजा. शाई १ ते १.५ टक्के करा, वाळताना दोन्ही टोकांवर थेंब कायम ठेवा आणि सगळं झाकलेल्या पेट्री डिशमध्ये ओल्या टिश्यूसकट रात्रभर सोडा. घाई केली की कोपरे जिंकतात.

साचा कोरडा उचलू नका. काच १ मिलिमोलर आम्लात बुडवा, साच्याचं एक टोक उचला आणि रेषांच्या लांबीच्या दिशेने हळू सोलत न्या. आडवं सोललं तर प्रत्येक रेषेच्या कडेवर जोर येतो.

गॅसरिग

चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यावर.

अमोनिया तंतूवरचा प्रोटॉन घेतो, अमोनियम क्लोराइड तिथेच राहतं. नायट्रोजन सोडल्यावर अमोनिया सुटून प्रोटॉन परत यायला हवा, पण खोलीच्या तापमानाला ते रेंगाळतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल बाष्पशील, त्यामुळे दर फेरीला डोपंट (थराला वाहक करणारं आम्ल) थोडं थोडं निसटतं. बेसलाइन एकाच दिशेने वर सरकते ती यातून.

डोपंट बदला. वाळलेल्या रेषा ०.१ मोलर अमोनियाच्या द्रावणात ५ मिनिटं (पूर्ण निळ्या होईपर्यंत), पाण्यात एक बुडी, मग ०.१ मोलर कॅम्फरसल्फॉनिक आम्लात १५ मिनिटं. १०० मिलीला २.३२ ग्रॅम लागतं. हिरवा रंग परत आला की त्याच आम्लाच्या १ मिलिमोलर द्रावणात खळबळून नायट्रोजनने वाळवा. यानंतर साध्या पाण्याने धुतलंत तर पुन्हा पहिल्या पायरीवर. मोजताना काच ५० ते ६० अंशांवर ठेवा, बेसलाइन पुष्कळ लवकर उतरते. १०० च्या वर नेऊ नका.

मोजण्यासाठी ०.१ व्होल्ट पुरे. दमट हवेत जास्त डीसी लावलं तर थरातच विद्युतरासायनिक बदल होतात आणि तो ड्रिफ्ट तुम्ही अमोनियाच्या खात्यावर लिहाल. शक्य असेल तर ध्रुव उलटसुलट करत मोजा.

आर्द्रतेसाठी नायट्रोजनच्या दोन नळ्या घ्या, एक कोरडी, एक पाण्याच्या बबलरमधून. दोन्हींतला प्रवाह सारखा ठेवला की साधारण ५० टक्के. अमोनियाची नळी बबलरच्या नंतर जोडा. आधी जोडली तर पाणी सगळा अमोनिया गिळतं, कक्षात काहीच पोचत नाही आणि दोष सेन्सरला लागतो. ५० पीपीएमच्या सिलिंडरमधून १० मिली, एकूण प्रवाह ५०० मिली प्रतिमिनिट, की १ पीपीएम मिळतं. नळ्या पीटीएफई किंवा पीएफएच्या आणि आखूड घ्या, सिलिकॉन रबर बिलकुल नको. भिंतींवर अमोनिया बसतो, म्हणून पहिल्या मोजणीआधी नळीतून तासभर तोच वायू बायपासने सोडा. आर्द्रतेचा डिजिटल सेन्सर कक्षात तुमच्या चिपशेजारीच लावा, नळीच्या तोंडाशी नको.

सूक्ष्मरेषा

धन्यवाद, पुष्कळ उलगडलं. दोन शंका. रेषा घट्ट बसाव्यात म्हणून काचेवर आधी एपीटीईएसचा (अमाइन गट असलेलं सायलेन) थर द्यावा का? आणि हा सेन्सर किती पीपीएमसाठी वापरण्याजोगा ठरेल? बर्फाच्या कारखान्यांसाठी विचार करतोय.

हिरवट_तंतू

एपीटीईएस नको. पीएच ३ ला त्याचे अमाइन गट धनभारित असतात आणि तंतूही धनभारित, दोघे एकमेकांना ढकलतील. ऋण भार हवा, आणि पीएच ३ ला साध्या काचेवर तो फार कमी असतो. १ मिग्रॅ प्रतिमिली पीडीएडीएमएसीत (धनभारित बहुवारिक) १० मिनिटं, धुणं, मग तेवढ्याच पॉलिस्टायरिन सल्फोनेटमध्ये १० मिनिटं. सल्फोनेट या पीएचलाही ऋणच राहतं आणि सोन्यालाही ओलं करायला मदत होते. मात्र हा थर दमट हवेत आयन वाहतो. म्हणून पॉलिॲनिलिन नसलेली, फक्त हाच थर दिलेली एक चिप ८० टक्के आर्द्रतेत मोजा. तिचा रोध तुमच्या रेषांच्या किमान हजारपट असेल तरच पुढे जा.

गॅसरिग

बर्फाच्या कारखान्यासाठी हा पदार्थ बरोबर जागी आहे. कामाच्या जागेची ८ तासांची मर्यादा २५ पीपीएम, अल्पकाळाची ३५. म्हणजे ५ ते ५० च्या टप्प्यात स्वच्छ संकेत मिळाला की काम झालं. बाहेरच्या हवेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकाच्या मागे लागू नका. २४ तासांचे ४०० मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर म्हणजे जेमतेम ०.५७ पीपीएम, आणि तिथे दिवसभरातला आर्द्रतेचा चढउतारच संकेत झाकून टाकेल.

कारखान्याजवळ मासळी असेल तर ट्रायमिथाइलअमाइनलाही हा सेन्सर उत्तर देणार, कारण तोही बेसच. त्यामुळे अलार्म २५ वर लावायचा असेल तर कॅलिब्रेशन ७० ते ८० टक्के आर्द्रतेत करा आणि मासळीच्या खोलीतली बेसलाइन वेगळी नोंदवून ठेवा.