सामायिक विहिरीची पाळी आणि अर्डुइनोचं घड्याळ रोज चार मिनिटं मागं पडायलंय, क्रिस्टल बदलू का?

मोसंबी_अंबड:
आमची विहीर चुलत्यासोबत सामायिक आहे, या आठवड्यात थ्री फेज दिवसा आहे तर सकाळी ६ ते १० आमची पाळी अन् १० नंतर त्यांची. मोटार आपोआप चालू-बंद व्हावी म्हणून अर्डुइनो उनोवर (प्रोग्राम टाकायचा छोटा बोर्ड) घड्याळ केलं, डिले १००० (म्हणजे एक सेकंद थांब) टाकून सेकंद एकनं वाढवायचा, मधी ओलाव्याचा सेन्सर वाचायचा, डिस्प्लेवर वेळ लिहायची. बॅटरीवर आहे म्हणून लाईट गेली तरी बंद पडत नाही. पण रोज सव्वाचार मिनिटं मागं पडतंय. आठ दिवसात अर्धा तास झाला अन् आमची मोटार साडेदहापर्यंत चालली. काका काहीच बोलले नाहीत पण मलाच लई वाईट वाटलं, एप्रिलात अर्धा तास पाणी म्हणजे काय ते इथं सगळ्यांना माहितीय. दुकानात १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देणारा) मिळायलाय, बदलू का?

सोल्डरगन_परभणी:
थांब भाऊ, क्रिस्टलचा दोष नाही. साधा क्रिस्टल २० ते ५० पीपीएम (दहा लाखात तेवढे भाग) चुकतो, २० पीपीएम म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तुझं २५५ सेकंद चुकायलंय, म्हणजे जवळपास ३००० पीपीएम. डिले १००० झाल्यावर सेन्सर अन् डिस्प्लेला ३ मिलिसेकंद जरी लागले तरी दिवसाला ४ मिनिटं १८ सेकंद होतात, बघ गणित करून. डिले काढून टाक.

चिपमधला टायमर दोन घे, प्रीस्केलर ६४ (म्हणजे ६४ ठोक्यांना एक मोजणी), तो २५६ मोजून ओव्हरफ्लो होतो, परत शून्यावर येतो, म्हणजे दर वेळी १६,३८४ ठोके. इंटरप्टमध्ये (ओव्हरफ्लो झाला की आपोआप चालणारा कोड) एका ३२ बिटच्या व्हेरिएबलमध्ये १६,३८४ मिळवत जा, बेरीज १,६०,००,००० च्या वर गेली की तेवढे वजा कर अन् सेकंद एकनं वाढव. शून्य करायचं नाही, वजा करायचं, उरलेले ठोके पुढच्या सेकंदात गेले पाहिजेत. अन् टायमरचा काउंटर स्वतःच्या हातानं शून्यावर आणू नको, इंटरप्टला पोचायला जो उशीर होतो तो दर वेळी गळतो.

आयटीआय_लातूर:
वरचं बरोबर आहे, पण दादा, उनोच्या मेन चिपला क्रिस्टल नसतोच, सिरॅमिक रेझोनेटर असतो, ठोके तोही देतो पण कमी अचूक. ती चकचकीत डबी दिसते ती यूएसबीच्या चिपची. रेझोनेटर अर्धा टक्का चुकू शकतो, म्हणजे दिवसाला ७ मिनिटं, म्हणून प्रोग्राम नीट करूनही घड्याळ भरकटेल. चिप वेगळ्या बोर्डावर लाव, क्रिस्टल अन् दोन २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर, तारा आखूड ठेव.

मग चार-पाच दिवस मोबाईलच्या ऑटोमॅटिक वेळेशी लावून बघ, भिंतीवरच्या घड्याळाशी नको. जेवढं चुकलं तेवढं त्या १,६०,००,००० च्या आकड्यातच दुरुस्त होतं, क्रिस्टलला हात लावायची गरज नाही.

सोल्डरगन_परभणी:
हो, रेझोनेटरचं माझ्या डोक्यातून गेलं होतं. अजून एक, ३२,७६८ हर्ट्झचा घड्याळी क्रिस्टल घेऊन पत्र्याच्या पेटीत बसवू नको, तो २५ डिग्रीला नीट चालतो अन् ५० डिग्रीला दिवसाला जवळपास दोन सेकंद मागं पडतो. महिनोन् महिने बघायचंच नसेल तर डीएस ३२३१ (घड्याळाचा तयार आयसी) घे, तो तापमान मोजून स्वतःला सावरतो, ४० डिग्रीपर्यंत २ पीपीएम, वर्षाला साधारण एक मिनिट. फक्त त्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, त्यात साधा सीआर २०३२ सेल टाकायचा असेल तर आधी तो डायोड काढ, नाहीतर सेल फुगतो.

मोसंबी_अंबड:
केलं. वेगळा बोर्ड, क्रिस्टल, वजाबाकीवालं. पाच दिवसात १३ सेकंद पुढं गेलं, म्हणून आकडा १,६०,००,४८१ केला. हे नीट आहे ना?

आयटीआय_लातूर:
एकदम बरोबर. घड्याळ पुढं पळतंय म्हणजे सेकंदात ठोके जास्त पडायलेत, म्हणून आकडा वाढवायचाच. मे मधी ऊन वाढलं की परत एकदा मिळवून घ्या.

मोसंबी_अंबड:
काल काकांच्या मोबाईलशी लावून बघितलं, १० ला बरोबर मोटार बंद झाली. आता त्यांच्यासाठी पण एक करायचंय, संध्याकाळी त्यांच्या स्टार्टरच्या पेटीत जागा आहे का ते बघून येतो.