अनुभव धागा : ब्लॅक फॉरेस्टमधलं जंगल, गावं आणि तिथली वाइन

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन मला नऊ वर्षं झाली. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून जुळी शहरं आहेत, आणि आमच्या भागात मराठी घरंही बरीच आहेत. दर उन्हाळ्यात कुणाकडे ना कुणाकडे पाहुणे येतात आणि ‘ब्लॅक फॉरेस्ट बघून झालं’ असं सांगतात. विचारलं की कळतं, बस टिटिझे तळ्याकाठी दोन तास थांबली होती. कुकू घड्याळ कसं करतात ते पाहिलं, केक खाल्ला आणि संध्याकाळी मंडळी स्वित्झर्लंडला पोहोचली.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. नैऋत्य जर्मनीतला हा डोंगराळ पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे १६० किलोमीटर पसरलाय. फेल्डबर्ग हे त्याचं सर्वांत उंच शिखर, १,४९३ मीटर. माथ्यावर सूचिपर्णी जंगल, मधल्या दऱ्यांत जुनी गावं, आणि पश्चिमेला ऱ्हाईनच्या सपाटीकडे उतरू लागलं की द्राक्षमळे. सकाळी जंगलात अंगात स्वेटर असतो आणि दुपारी मळ्यात टोपी शोधावी लागते. हा उतार पायांनी अनुभवायला किमान तीन-चार दिवस हवेत.

म्हणून हा धागा. कुठं राहिलात, काय पाहिलंत, काय चुकलं, सगळं लिहा. वाइन न पिणाऱ्यांनी तर आवर्जून लिहा.

कार्ल्सरूहेहून, विद्यार्थिनी

माझ्याकडे गाडी नाही, पण देशभरातल्या लोकल गाड्यांना चालणारं डॉइचलांड तिकीट आहे, त्यामुळे मी सगळं रेल्वेनंच पाहिलं. कार्ल्सरूहेहून कॉन्स्टान्झला जाणारी गाडी ओफेनबुर्गला वळून डोंगरात शिरते. हीच ती श्वार्त्सवाल्डबान, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे. १८७३ साली पूर्ण झालेल्या या मार्गावर ३९ बोगदे आहेत. मी मूळची लोणावळ्याची. बोरघाटात १८६३ साली गाडी चढवताना इंजिनाची दिशा बदलण्यासाठी वाटेत थांबा ठेवावा लागला होता. इथं रोबर्ट गेर्विग या अभियंत्यानं मार्गच लांबवला. दरीत मोठमोठी वळणं घेऊन त्यानं चढ सौम्य केला. ट्रीबर्गजवळ डोंगरावर एक जागा आहे, तिथून हा एकच मार्ग तीन वेगवेगळ्या पातळ्यांवर दिसतो. मी तिथं तासभर बसून खाली, मग मधे, मग वर अशी एकच गाडी तीनदा पाहिली.

ट्रीबर्गचा धबधबा टप्प्याटप्प्यानं मिळून १६३ मीटर उतरतो. सह्याद्रीतला पावसाळा पाहिलेल्यांना उंचीचं अप्रूप वाटणार नाही, पण काळ्याभोर झाडांमधून पांढरं पाणी उतरताना पाहून बरं वाटतं. सकाळी नऊच्या आत जा, त्यानंतर बसगाड्या येतात.

बाडेन-बाडेनजवळून, दोन मुलांची आई

आम्ही मुलांना लोथारफाडला नेलं. २६ डिसेंबर १९९९ला लोथार नावाचं वादळ आलं आणि काही तासांत इथले डोंगरच्या डोंगर आडवे झाले. बहुतेक ठिकाणी पडलेली झाडं उचलून नेली. पण श्वार्त्सवाल्ड-होखश्ट्रासे या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यालगतचा एक तुकडा मुद्दाम तसाच ठेवला. २००३पासून त्यातून लाकडी फळ्यांची वाट आणि शिड्या आहेत. कुणीही एक रोप लावलेलं नाही. पडलेल्या खोडांवर शेवाळ आलं, मग खोडांच्या आडोशाला रोवनची लहान झाडं आली, मग स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष. आज त्यातली कित्येक झाडं माझ्या नवऱ्यापेक्षा उंच आहेत. मुलं दीड तास खोडांखालून-वरून फिरत होती. बाबागाडी अजिबात नेऊ नका, शिड्या चढता येणार नाहीत.

‘मूळचं घनदाट जंगल’ म्हणून आपण जे बघतो, ते फार जुनं नाही, हे मला तिथंच कळलं. काचेच्या भट्ट्या, कोळसा, खाणी, आणि ओंडक्यांचे तराफे करून ऱ्हाईनमार्गे थेट हॉलंडपर्यंत विकलेलं लाकूड, या सगळ्यात दोनशे वर्षांपूर्वी इथले कितीतरी डोंगर बोडके झाले होते. नंतर लवकर वाढतो म्हणून स्प्रूस लावला. एकसारखी, उथळ मुळांची झाडं असल्यामुळे वादळात ती सहज गेली. १ जानेवारी २०१४ला इथं राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा आसपासच्या गावांतून मोठा विरोध होता. ज्यांचं पोट लाकडावर आहे त्यांना पडलेलं झाड कुजू द्यायचं हे पटणं सोपं नाही. मला त्यांचं म्हणणं कळतं, तरी जंगलाला एवढी तरी जागा मोकळी मिळाली याचा आनंद जास्त आहे.

एक सूचना, आणि ही गंभीरपणे घ्या. गोचिडी. बाडेन-व्युर्टेमबेर्ग या आमच्या राज्यात गोचिडीमुळे मेंदूज्वराचा धोका आहे. इथं राहणाऱ्यांनी लस घ्यावी, आणि फिरून आल्यावर प्रत्येकानं गुडघ्यामागे, काखेत, मुलांच्या केसांत बघावं.

निफाडहून, द्राक्ष बागायतदार

मुलगी फ्रायबुर्गला असते. मागच्या सप्टेंबरात आम्ही उभयतां तिच्याकडे पाच आठवडे होतो. माझी चार एकर बाग आहे. त्यातली एक एकर वायनरीला द्राक्ष देते, बाकी खायची द्राक्षं. आमच्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे गोड्या छाटणीची गडबड, आणि इथं त्याच दिवसांत तोडणी चालू. आयुष्यात पहिल्यांदा मी छाटणीच्या हंगामात घड बघितले.

फ्रायबुर्गहून ब्रायझाखच्या गाडीत बसलं की अर्ध्या तासाच्या आत ईरिंगन येतं. हा भाग कायझरश्टूल. ब्लॅक फॉरेस्ट इथून समोर दिसतं, पण हे डोंगर वेगळे, जुन्या ज्वालामुखीचे. वरून वाऱ्यानं आणून टाकलेली पिवळी, पिठासारखी माती, तिला लोएस म्हणतात. आपल्या काळ्या जमिनीत बोट घातलं तर चिकटतं, ही हातात भुगा होते, तरी तिची भिंत उभी कापली तर ढासळत नाही. त्या भिंतींत बोटभर रुंद बिळं दिसली. मुलीनं सांगितलं, उन्हाळ्यात तिथं युरोपियन वेडे राघू घरटी करतात. आम्ही गेलो तेव्हा ते आफ्रिकेकडं निघून गेले होते.

मी जास्त वेळ वेलींकडं बघत होतो. आमची वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं, एप्रिलात खरड आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. यांची वेल हिवाळ्यात पानं टाकून चार-पाच महिने गप्प असते, एकदाच छाटतात. पण दोन्हीकडं वेल कलमीच, खुंट वेगळा आणि वरची जात वेगळी. आम्ही पाण्याच्या ताणासाठी डॉगरिज हा खुंट लावतो, युरोपात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीनं मुळं खाल्ली तेव्हापासून अमेरिकन खुंटांवर कलमं आली. केवडा आणि भुरी हे वेलीचे रोग तिथंही आहेत. आम्हाला अवकाळी आणि गारपिटीची धास्ती, त्यांना एप्रिलातल्या गोठलेल्या दहिवराची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मुलीनं माझी ओळख करून दिली. त्यानं माझा हात हातात घेऊन तळवा उलटा करून बघितला आणि हसला. पुढं भाषा फारशी लागली नाही.

त्यानं डोंगरावरच्या मोठमोठ्या पायऱ्या दाखवल्या. १९७०च्या आसपास यंत्रं फिरावीत म्हणून जुन्या लहान पायऱ्या मोडून या केल्या. उतार आतल्या बाजूला ठेवला, मग थंड हवा तिथंच साचायला लागली आणि दहिवरानं वेली जळाल्या. जुन्या लहान पायऱ्या जिथं उरल्यात तिथं लोक आता जपून आहेत.

बाडेनमधले, म्हणजे राज्याच्या या पश्चिम भागातले, बरेच शेतकरी माल सहकारी संस्थेला घालतात. वजन होतं, रसातली साखर मोजतात. आपण ब्रिक्स म्हणतो, ते ओएक्स्ले म्हणतात. पैसे हप्त्याहप्त्यानं मिळतात, अगदी आपल्या उसासारखे. बाडेनमधली पहिली अशी संस्था १८८१ साली बोडेन सरोवराकाठच्या हागनाऊत हाइनरिख हान्सयाकोब या धर्मगुरूनं उभी केली, कारण व्यापारी भाव पाडत होते. हे ऐकून मला आपली सगळी सहकाराची चळवळ आठवली.

वाइन म्हणाल तर श्पेटबुर्गुंडर म्हणजे पिनो न्वार ही लाल वाइन मला आवडली. आमच्या शिराझपेक्षा रंगानं फिकी, जिभेला हलकी. पण मला कौतुक त्यांच्या बोलण्याचं वाटलं. कुठल्या उताराची, कुठल्या मातीची, हे त्यांना आधी सांगायचं असतं. निफाड-दिंडोरीतही एका मळ्याची चव दुसऱ्याला नाही, पण बाटलीवर ते कुणी लिहीत नाही. लिहायला पाहिजे, असं मला फार वाटतं.

श्टुटगार्टहून, गाडी चालवणारे

निफाडच्या काकांचा अनुभव वाचून समाधान वाटलं. थोडं कामाचं सांगतो.

गाडीनं जाणार असाल तर कोण पिणार नाही हे घरूनच ठरवून निघा. परवाना नवा असेल तर पहिली दोन वर्षं, आणि २१ वर्षांखाली असाल तर एकही थेंब चालत नाही. माझ्या बायकोचा परवाना नवा होता. आम्ही डुर्बाख या द्राक्षमळ्यांच्या गावी राहिलो आणि गाडी दोन दिवस जागची हलवली नाही. डुर्बाखमध्ये रिसलिंग या पांढऱ्या द्राक्षाला क्लिंगेलबेर्गर म्हणतात, हे नाव तिथल्याच एका मळ्यावरून पडलं. बऱ्याच गावांत मुक्काम केला की यजमान कोनुस कार्ड देतात, त्यावर भागातल्या बस आणि लोकल गाड्या फुकट असतात. त्यांनी दिलं नाही तर तुम्ही मागा.

सप्टेंबरच्या मध्यापासून ‘नॉयर झ्युसर’ मिळते. अजून फसफसत असलेला द्राक्षरस, गढूळ आणि गोड. बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं, कारण आत वायू तयार होत राहतो. आम्ही ती पाठपिशवीत आडवी टाकली आणि कॅमेरा गेला. उभीच धरून आणा आणि त्याच दिवशी संपवा.

आणि श्ट्राउसे चुकवू नका. शेतकरी आपल्या अंगणात किंवा गोठ्यात, दारावर झाडू नाहीतर पानांची जुडी टांगून, स्वतःची वाइन आणि साधं जेवण विकतो. वर्षात चारच महिने उघडता येतं आणि बसायला जास्तीत जास्त ४० जागा. त्यामुळे उघडं आहे का हे आधी विचारा. आम्ही एकदा आठ किलोमीटर चालत जाऊन बंद दार बघून परतलो.

पुण्याहून, कोथरूड

मी आणि माझी ७४ वर्षांची आई, दोघीच, जूनमध्ये. आई शाकाहारी, दारूला हात न लावणारी. टूरवाले म्हणाले होते की आईंना तिथं काही करण्यासारखं नाही. आम्ही फ्रायबुर्गमध्ये सहा दिवस राहिलो आणि कमी पडले.

रस्त्याच्या कडेनं ड्रायझाम नदीचं पाणी खेळवलेले हातभर रुंद पाट आहेत, त्यांना बेख्ले म्हणतात. चुकून त्यात पाय पडला तर फ्रायबुर्गच्या माणसाशी लग्न होतं, असं तिथले लोक सांगतात. आई रोज संध्याकाळी काठावर बसून पाण्यात पाय सोडायची. म्युन्स्टर चर्चचा मनोरा ११६ मीटर आहे. २७ नोव्हेंबर १९४४च्या बॉम्बहल्ल्यात भोवतालचं शहर उद्ध्वस्त झालं, तो मात्र उभा राहिला. रविवार सोडून रोज सकाळी त्याच्याभोवती बाजार भरतो. आई मंडईसारखी प्रत्येक गाळ्यावर थांबून भाव विचारायची, मराठीत, आणि उत्तरं तिला कळायची.

जेवणाबद्दल लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. वाइनबरोबर मिळणाऱ्या कांद्याच्या केकमध्ये, त्सवीबेलकूखनमध्ये, बहुतेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, विचारून घ्या. चीज घातलेल्या शेवयांसारखे केझेश्पेत्स्ले चालतात. पण खरी गंमत बिबेलेसकेस. ताजं, घट्ट दही, त्यात कांदा आणि बारीक चिरलेली हिरवी पात, सोबत तव्यावर परतलेले बटाट्याचे काप. आईनं एक घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा चक्का आहे!” मळ्यातल्या त्या बाकावर माझ्या हातात गुटएडेल या पांढऱ्या वाइनचा पेला होता, तिच्या हातात द्राक्षाचा रस, आणि समोर ऱ्हाईनपलीकडे फ्रान्सचे डोंगर निळे पडत चालले होते.

आता दर रविवारी ती चक्का बांधते, त्यातला अर्धा श्रीखंडाला आणि अर्धा पात घालून बटाट्याबरोबर.