‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ : सात वर्षांच्या मुलाला मोह म्हणजे काय, हे कसे सांगावे?

प्रश्न : एक आई, अहिल्यानगर

सर्वांना सलाम. माझा मुलगा सात वर्षांचा असून दर रविवारी शब्बाथशाळेला, म्हणजे देवळातील मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला, जातो. गेल्या महिन्यात अर्पणासाठी दिलेल्या दहा रुपयांच्या त्याने वाटेतल्या दुकानातून चिंचेच्या गोळ्या घेतल्या आणि अर्पणाची थैली समोर आली तेव्हा रिकामी मूठ आत घालून बाहेर काढली. संध्याकाळी कपडे धुवायला घेताना खिशात चिकट कागद सापडले, म्हणून मला कळले. विचारले तर शांतपणे म्हणाला, “मी नाही केले, सैतानाने करायला लावले.” हे वाक्य त्याने आम्हा मोठ्यांच्याच तोंडून उचललेले असणार, त्यामुळे रागवावे की हसावे हे मला कळेना. दुसरी अडचण अशी की, येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आम्हांस परीक्षेत आणू नकोस’ अशी ओळ आहे, तिच्यातील ‘परीक्षा’ म्हणजे शाळेची परीक्षा असे तो समजतो आणि घटक चाचणीच्या आठवड्यात ती ओळ विशेष जोरात म्हणतो. या वयाच्या मुलाला मोह म्हणजे काय आणि त्याला नाही कसे म्हणावे, हे विश्वासाच्या आधारे पण धाक न घालता कसे शिकवावे?

उत्तर : शब्बाथशाळेची शिक्षिका, मिरज

ताई, ‘परीक्षे’चा हा घोळ माझ्या वर्गात दर वर्षी होतो आणि त्यात मुलांचा दोष नाही. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि मोह असे दोन्ही अर्थ आहेत. आपल्या भाषांतरात कसोटीचा अर्थ पुढे आला, आणि पुढे हाच शब्द शाळांनी आपलासा केला. मी मुलांना एवढेच सांगते की, जे करू नये हे ठाऊक असूनही हात तिकडेच जातो, त्या क्षणाला मोह म्हणतात, आणि त्या क्षणी देवाने आपला हात धरावा अशी ही विनंती आहे.

गोष्ट निवडताना मात्र जपावे. मालकाची, म्हणजे पोटीफराची, बायको योसेफाला मोहात पाडू पाहते ती गोष्ट या वयाला नको. एसावाची सांगावी, कारण भूक मुलांना कळते. रानातून दमून आलेला हा थोरला भाऊ मसुरीच्या वरणाच्या वाटीसाठी आपला ज्येष्ठपणाचा हक्क देऊन टाकतो (उत्पत्ती २५). मी वर्गात खरोखरच गरम वरणाचा डबा नेते आणि त्याचा वास दरवळू लागला की विचारते, “आता या क्षणी एसावाला उद्याचे काही आठवत असेल का?” मग रानात चाळीस दिवस उपाशी असलेल्या येशूकडे यायचे. सैतानाने त्याला तीनदा मोह घातला. आधी धोंड्यांच्या भाकरी करायला सांगितले, आणि भाकरी ही काही वाईट वस्तू नव्हे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. येशूने तिन्ही वेळा वाद न घालता जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातले, म्हणजे लहानपणापासून पाठ असलेले वचन सांगितले. म्हणून एकच लहान वचन पाठ करून घ्यावे, दहा नकोत.

आणखी एक. प्रेषित पौल करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहितो की, परीक्षेबरोबर देव तिच्यातून निभावण्याचा मार्गही करतो (१ करिंथ १०:१३). मुलांच्या भाषेत हा मार्ग फार साधा असतो : दुकानाच्या समोरच्या बाजूने चालणे, किंवा पैसे आईकडे ठेवणे.

उत्तर : एक वडील, वसई

आम्ही कॅथलिक असल्याने आमच्याकडे ही शिकवण उपवासकाळातून येते. भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंत रविवार वगळले की चाळीस दिवस होतात. उपवासाचा नियम १८ वर्षांपुढच्यांसाठी आहे, लहानांवर सक्ती नाही. पण माझ्या मुलीने या वर्षी स्वतःहून बर्फाचा गोळा सोडला आणि ते पैसे गरिबांसाठीच्या डब्यात टाकले. नवव्या दिवशी तिने तो खाल्ला आणि रडली. आम्ही दहाव्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली. माझ्या मते तिला खरे शिक्षण त्या नवव्या दिवशी मिळाले.

उत्तर : निवृत्त शिक्षक, पुणे

वरील दोन्ही उत्तरे मान्य आहेत, परंतु ‘सैतानाने करायला लावले’ हे वाक्य तसेच सोडून देऊ नये. एदेन बागेत नेमके हेच घडले होते : आदामाने हव्वेकडे बोट दाखवले, हव्वेने सापाकडे. याकोबाच्या पत्रात तर स्पष्ट म्हटले आहे की, प्रत्येक जण आपल्याच वासनेने ओढला जातो. तरीही एदेन बागेच्या त्या अध्यायात (उत्पत्ती ३) देवाचा पहिला उद्गार शापाचा नाही, “तू कोठे आहेस?” हा प्रश्न आहे, आणि बागेबाहेर घालवण्यापूर्वी तो त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो. धाकाने मूल मोह टाळत नाही, चिकट कागद लपवायला शिकते, असे माझे शाळेतील अनुभवावरून बनलेले मत आहे.

मोठ्यांच्या वागण्याचाही यात वाटा असतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३ ते ५ वर्षांच्या २८ मुलांपुढे गोड खाऊ ठेवून, थांबलात तर दुप्पट मिळेल असे सांगितले होते. त्याआधी ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता, ती मुले सरासरी सुमारे १२ मिनिटे थांबली. ज्यांची निराशा केली होती, ती सुमारे ३ मिनिटे. ‘रविवारी बागेत नेतो’ म्हणून न नेणाऱ्या बापाने मुलाकडून संयमाची अपेक्षा कशी करावी? (मी स्वतः असा बाप होतो.)

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. मी त्याला विचारले, “तेव्हा तू कोठे होतास?” बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, “बरणीजवळ.” या रविवारी त्याने घरातून निघतानाच नाणे माझ्या हातात दिले आणि देवळाच्या फाटकाशी परत मागून घेतले. आता निराळाच पेच आहे. नेमका याच रविवारी जक्कयाचा पाठ झाला. उंबरावरून उतरलेल्या त्या जकातदाराने चौपट परत करण्याचे कबूल केले हे ऐकल्यापासून, आपले चाळीस रुपये होतात, असा त्याचा हिशोब चालू आहे, आणि खाऊचे पैसे तर आठवड्याला पाचच मिळतात. आठ आठवडे फेडू द्यावे, की दहा रुपयांवर थांबवावे?