अनुभव धागा: पोटातलं बाळ जातं तेव्हा...

आज लोकलमध्ये एक पोटुशी मुलगी दाराशी उभी होती. मी उठले आणि एकदम २०११ आठवलं. ठाण्याहून सुटणारी स्लो, लेडीज डबा, आमचा ठरलेला ग्रुप. अकराव्या आठवड्यात ठोके थांबले, क्युरेटिंग झालं. आठ दिवसांनी मुलुंडला चढले तर काकू नेहमीसारख्या उठल्या, "ये गं, दोन जीवांची तू." मी बसले! दादरपर्यंत. दुसऱ्या दिवशीही. सांगताच येईना. तुमचंही लिहा, जमेल तसं.

मोरपंखी: आई गं. मिठी.

चकली_कडक: माझं पाचव्या महिन्यात. दूध येईल हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ब्लाउज ओला. आईने घट्ट पंचा बांधला आणि दोघी मोरीतच रडलो.

नऊवारी: आमच्याकडे 'पपई खाल्लीस' यावर वर्षभर खटला. डॉक्टर म्हणाल्या, सुरुवातीला गेलेल्यांत साधारण निम्म्या वेळा गुणसूत्रांतच गडबड असते, तुझी चूक नाही. सासूबाईंचं कोर्ट मानेना. अजून मंडईत पपईकडे बघत नाही.

कोकमसरबत: @नऊवारी, आमच्याकडे आरोपी अननस होता 😀

टंकाळा: रजा घ्या गं बायांनो! १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर ६ आठवडे पगारी रजा आहे, दाखला द्यावा लागतो. मला माहीत नव्हतं, 'व्हायरल' लिहून चौथ्या दिवशी ऑफिसात. वॉशरूममध्ये जाऊन पॅड बदल, डोळे धू, परत एक्सेल.

लाटकर: पुरुष आयडी, चालेल ना? सगळे बायकोची चौकशी करायचे. मी औषधं आणायला म्हणून खाली जायचो आणि स्कूटरवर नुसता बसून राहायचो.

मोरपंखी: चालेल काय, लिहा.

आजीचा_बटवा: माझं झालं त्या रात्री आजेसासू पाय दाबत बसल्या. म्हणाल्या, माझे दोन गेले, चाळीत कुणाला कळूही दिलं नाही. ऐंशी वर्षांची बाई, महिने अजून बोटांवर मोजत होती.

कोकमसरबत: स्लो म्हणजे मुलुंडला बसायला मिळायचं तेव्हा? आता पाय ठेवायला जागा नाही. बाकी कुकर झाला, येते.

चकली_कडक: धागाकर्ती, काकूंना सांगितलंस का शेवटी?

धागाकर्ती: नाही गं. पुढच्या आठवड्यात डबाच बदलला. त्यांना वाटलं असेल, माहेरी गेली बाळंतपणाला.