मदत हवी आहे: गव्हाळ रंगाला ऑटम की विंटर?

अमळनेरची_लेक: रंग गव्हाळ, चेहरा उन्हाने रापलेला, केसांना मेंदी. कोणाला कोणते रंग खुलतात ते ऋतूंच्या नावाने सांगणारी ॲप असतात ना, त्यातलं एक ऑटम (उबदार, पिवळसर झाकेचे रंग) सांगून राहिलंय, दुसरं विंटर (थंड, निळसर झाकेचे). शिरा हिरव्या तर उबदार, निळ्या तर थंड म्हणतात, पण माझ्या मनगटाच्या शिरा कधी हिरव्या दिसतात, कधी निळ्या. वैशाखात घरात लग्न आहे, हळदीची साडी आणि लिपस्टिक घ्यायचीय. घरीच पक्कं कसं ठरवू?

तापीकाठ: ताई, शिरा सोडा. वरच्या त्वचेच्या पिवळेपणातून निळी शीरही हिरवट दिसते. ॲपचंही खरं नाही, फोनचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो.

कापड लावून बघा. मॅचिंग सेंटरमधून टू बाय टू रुबियाचे अर्धा-अर्धा मीटर तुकडे आणा: पांढराशुभ्र आणि मोतिया, राणी आणि शेंदरी, काळा आणि चॉकलेटी. जोडीतला पहिला थंड म्हणजे विंटरचा, दुसरा उबदार म्हणजे ऑटमचा. सॅटिन नको, त्याची चकाकी चेहऱ्यावर पडते.

मेकअप काढा, तोंड धुऊन वीस मिनिटं थांबा. उन्हातून आल्या आल्या तर बसूच नका, तेव्हा सगळेच लालबुंद असतात. केस पांढऱ्या ओढणीत पूर्ण झाका, नाहीतर मेंदीचा तांबूसपणा फसवतो. खिडकीकडे तोंड करून बसा, पण थेट ऊन नको आणि ट्यूबलाइट बंद. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तिच्यावर पांढरी चादर टांगा.

जोडीतली दोन्ही कापडं एकावर एक हनुवटीखाली धरा आणि वरचं झटकन ओढा. बघायचं कापडाकडे नाही, डोळ्यांखालच्या वर्तुळांकडे आणि ओठांच्या कडेकडे. बरोबर रंगात तिथला काळेपणा फिका पडतो, चुकीच्यात चेहरा पिवळट किंवा राखाडी होतो.

मॅचिंगवाली: त्यात भर. दोन्ही ॲपचं एका गोष्टीवर एकमत आहे: तुम्हाला गडद रंग चालतात. ऋतूंचे बारा प्रकार करतात त्या पद्धतीत डीप ऑटम आणि डीप विंटर, म्हणजे दोन्हींचे गडद प्रकार, शेजारी-शेजारीच येतात. सावळी म्हणजे विंटर, हे मात्र डोक्यातून काढा.

ऑटम निघालं तर साडी हळदी किंवा मोहरीच्या पिवळ्या रंगात, लिपस्टिक विटकरी. विंटर निघालं तर लख्ख लिंबू पिवळा, आणि ओठांना राणी किंवा वाइन. पिवळा मुळीच खुलत नसेल तर ब्लाउज आपल्या रंगाचा शिवा, चेहऱ्याजवळ तोच येतो. सोनं दोन्ही प्रकारांना चालतं. जळगावच्या सोन्याला कोण नाही म्हणणार?

फाउंडेशन मनगटावर नको, जबड्याच्या कडेला लावा आणि रंग मानेशी जुळवा. पंधरा मिनिटांनी दारात येऊन बघा, काही शेड हवेने गडद पडतात.

अमळनेरची_लेक: मोतिया चांगला दिसतो, पण राणी-शेंदरीत फरकच कळेना.

तापीकाठ: मग तुम्ही मधल्या, किंचित उबदार बाजूला. काळा-चॉकलेटी जोडी लावा. काळ्याने वर्तुळं उठून दिसली तर डीप ऑटम धरा आणि शेंदरीपेक्षा विटकरी घ्या.