पॅले गार्निए : नाट्यगृह की नुसता जिना?

तिरकीमान : ‘पॅरिसचं पॅले गार्निए हे ऑपेरागृह म्हणजे परिपूर्ण नाट्यगृह’ हा कालचा लेख वाचून राहवलं नाही. मी तिथं बाजूच्या बॉक्समध्ये, म्हणजे भिंतीलगतच्या छोट्या कक्षात, मागच्या खुर्चीवर बसलोय. अडीच तास रंगमंचाची डावी फाक दिसली, आणि समोरच्या बॉक्समधल्या आजीबाई मात्र पूर्ण. नालाच्या आकाराचं प्रेक्षागृह बांधल्यावर दुसरं काय होणार? गार्निए उघडल्यावर दीड वर्षात, १८७६ला, जर्मन संगीतकार वाग्नरने बायरॉइट गावातल्या आपल्या नाट्यगृहात बाजूचे बॉक्स उडवले, वाद्यवृंद खाली झाकला, सगळ्यांची तोंडं रंगमंचाकडे केली. याला म्हणतात नाट्यगृह.

खमंग : स्वस्तातलं तिकीट काढायचं आणि शिव्या वास्तुविशारदाला! १८६१च्या स्पर्धेत १७१ आराखडे होते, त्यातून ३५ वर्षांच्या शार्ल गार्निएचा निवडला, तो उगाच? लोक तिथं एकमेकांना बघायलाच जायचे. आत शिरल्यावरचा तो भव्य जिना हाच पहिला अंक. तुम्ही लग्नाला मंगलाष्टकं ऐकायला जाता वाटतं?

निवृत्त अभियंता : जिना सोडा, पाया बघा. खणताना पाणी लागलं, महिनोन्‌महिने वाफेचे पंप चालवूनही हटेना. मग दुहेरी भिंतींचा पाया घातला आणि आत टाकी बांधून त्यात मुद्दाम पाणी भरलं, बाहेरच्या दाबाला आतून दाब. नाहीतर आमची सोसायटी! बिल्डरने ‘वॉटरप्रूफ’ सांगितलेल्या तळघरात दर जुलैला गाड्या पोहतात.

खमंग : तेच ते तळं ना, ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ कादंबरीतलं, होडीवालं?

निवृत्त अभियंता : तळं नाही, टाकी! कादंबऱ्या वाचून स्थापत्य शिकू नका. पॅरिसचे अग्निशामक जवान तिथं पाण्याखालचा सराव करतात.

तिरकीमान : धागा प्रेक्षागृहाचा आहे, गळतीचा नाही.

निवृत्त अभियंता : पाया खचला असता तर कुठून तिरके बसला असतात?

विंगेतला : सगळे पडद्याच्या पुढचंच बोलताय. मी बावीस वर्षं विंगेत दोर ओढलेत. गार्निएचा रंगमंच प्रेक्षकांकडे ५ टक्के उतरता आहे. म्हणजे मागचे नर्तक दिसावेत म्हणून सोय केलीये, पण चाकांवरचं नेपथ्य उतारावर लावून दाखवा, मग बोलू. आणि त्या कादंबरीतल्यासारखं झुंबर पडलं वगैरे नका सांगू. १८९६ला पडला तो त्याचा प्रतिभार, म्हणजे झुंबराला तोलून धरणारं वजन, एक बाई गेली बिचारी. नाव झुंबराचं झालं. आमच्याकडे वजनाचा दोर तुटून माझ्या खांद्यावर आला होता, तेव्हा व्यवस्थापक पहिल्यांदा विचारतो काय, तर ‘पडदा फाटला का?’

खमंग : 🙏 यावर काही बोलत नाही. पण जिना सुंदर आहेच.

तिरकीमान : बरं बाबा, जिना सुंदर, पाया भक्कम. पुढच्या वेळी टाकीतलं तिकीट काढतो, तिथून रंगमंच इतपतच दिसेल.

निवृत्त अभियंता : टाकीत प्रवेश नाही.